शेवंताची शेळी

चार बाया डबे खात बसल्या होत्या त्या स्टाफरूममध्येच अरुणाबाईंनी सुमेधाला सांगितलं, की तुमच्या मुलाला वाचता येत नाही. आवाजसुद्धा खाली केला नाही. एकीचा घास हातातच राहिला, दुसरीने डब्याचं झाकण उगाच उघडलं आणि पुन्हा लावलं.

"कुणाला? स्वानंदला?" सुमेधाने विचारलं, जशी काही तिच्या घरात दहा-बारा मुलं होती.

आता ही सुमेधा म्हणजे कोपरखैरण्यातलं बडं प्रस्थ. सिडकोच्या दोन खोल्यांत ती स्कॉलरशिपचा क्लास घ्यायची आणि तिच्या हाताखालून गेलेलं पोर यादीत आलं नाही असं सहसा व्हायचं नाही. मोठी मुलगी ऋता जिल्ह्यात आली होती, तिचा पेपरातला फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावला होता. पोर दुसरीत असतानाच लोक सुमेधाकडे नाव घालून ठेवायचे. पण मठ्ठ मूल ती ठेवायची नाही. महिन्याभरात आईला बोलावून सांगायची, ह्याच्या डोक्यात भुसा आहे, माझाही वेळ घालवू नका आणि तुमचाही. वर म्हणायची, मी तोंडावर बोलते, मागून बोलायची मला सवय नाही. ही काय सवय झाली का? पण चालून जायचं, कारण रिझल्ट होता.

अरुणाबाईंशी तर तिचा छत्तीसचा आकडा. अरुणाबाई शाळेत चौथीच्या वर्गशिक्षिका, आणि त्यांची निम्मी मुलं संध्याकाळी सुमेधाच्या क्लासला. शाळेच्या वहीत अरुणाबाईंनी काही चुकवलेलं दिसलं की सुमेधा त्याच वहीत तांबड्या पेन्सिलीने दुरुस्ती करून मुलाबरोबर परत पाठवायची. एकदा नाही, वर्षानुवर्षं. त्यामुळे त्या दिवशी डबे खाणाऱ्या बायांसमोर ते वाक्य का बोललं गेलं, हे दोघींनाही चांगलं ठाऊक होतं.

बाकीचं मात्र अरुणाबाईंनी नीट सांगितलं, तेवढं मान्य करायला हवं. स्वानंद नुसता ऐकून पाठ म्हणतो. पुस्तक उलटं धरलं तरी म्हणतो. लिहायला दिलं की पान कोरं. आतापर्यंत प्रत्येक बाईने त्याला वर ढकललं, मीही ढकलीन, पण पुढे काय? मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात मुलांची तपासणी होते, ती करून आणा. जूनपासून आपल्या शाळेत अशा मुलांसाठी वेगळा वर्ग सुरू होतोय. वेगळ्या बाई येणार आहेत. मुलं मोजकीच घेणार, आणि घेणार ती हॉस्पिटलचा रिपोर्ट बघून.

सुमेधाला त्यातलं 'वेगळा वर्ग' एवढंच ऐकू आलं. वेड्यांचा वर्ग, असा त्याचा अर्थ तिने जिना उतरता उतरता लावला.

खोटं कशाला बोला, तिला माहीत होतं. दुसरीपासून माहीत होतं. दुसऱ्याचं पोर असतं तर तिने महिन्याभरात ओळखलं असतं आणि घरी पाठवलं असतं. आपल्या पोराला पाठवणार कुठे? मग ती त्याला धडे वाचून दाखवायची, तो ऐकून घडाघडा म्हणायचा आणि ती स्वतःला सांगायची, आळशी आहे, करील हळूहळू. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असाच, दिव्याला कधी दिसत नाही.

नवरा विलास पावण्याच्या एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नसेल जमत त्याला. घेऊन जाऊ ना तपासायला. त्यात काय?" विलासचं पोराशी चांगलं होतं. रविवारी दोघं खाडीवर जायचे, गळ टाकून बसायचे, बहुतेक वेळा रिकाम्या हाताने आणि हसत परत यायचे.

"जाऊ," सुमेधा म्हणाली. "पण तयारी करून."

परीक्षा म्हटली की जुन्या प्रश्नपत्रिका आल्याच, हे तिचं आयुष्यभराचं शास्त्र. पेपरात काय येतं ते काढायचं, पोराकडून घोटून घ्यायचं, आणि मग पेपर पोराला नाही, पोर पेपराला भारी पडतं. हॉस्पिटलची असली तरी परीक्षाच ना? या वाक्याला घरात कोणी आडवं आलं नाही. आलं असतं तरी तिने ऐकलं नसतं.

आणि कोणाला ती परीक्षा आधीच द्यावी लागली आहे, हेही तिला माहीत होतं. त्याच शाळेतला, बोनकोडे गावातल्या संध्याचा दिपेश. दोन वर्षांपूर्वी डोक्यात भुसा आहे म्हणून सुमेधाने ज्याला घरी पाठवलं होतं, तोच. चकल्यांचा डबा घेऊन ती संध्याच्या दारात उभी राहिली.

संध्याने डबा हातात घेतलाच नाही. ओट्यावर बसायलाही सांगितलं नाही. "तुमीच बोल्ला व्हता ना बाई, माज्या पोराच्या डोक्यान भुसा हाय? मग आज कशी वाट चुकली?"

गरजेला अक्कल फार. सुमेधाने डोळ्यांत पाणी आणलं. म्हणजे आणलं म्हणावं की आलं म्हणावं, तिलाही सांगता आलं नसतं. माझ्याही मुलाला तिथे पाठवतायत, म्हणाली. तो घाबरतो. तिथे काय करतात एवढंच विचारायला आले.

संध्याने तिला ओट्यावर बसायला सांगितलं. मग म्हणाली, "घाबरायचा काय त्यान? त्या मॅडम चांगल्या हायेत. येतं त्याला येतं बोलतात, नाय येत त्याला नाय येत." आणि चहा टाकायला आत गेली. शेवटी आईचं मन. शत्रूच्या पोरासाठीसुद्धा हललं.

ती आत गेली तेवढ्यात सुमेधाने दिपेशला जवळ घेतलं, हातात चकली दिली आणि सगळं काढून घेतलं. लाल-पांढरे ठोकळे, त्यांची नक्षी. चित्रात काय राहिलंय ते ओळखायचं. आकडे ऐकून उलटे म्हणायचे. आणि शेवटी एक कार्ड, त्यावर गोष्ट. दिपेशला ती वाचता आली नव्हती, म्हणून मॅडमनी त्याला वाचून दाखवली होती, दोनदा. त्याला ती अजून शब्दन्‌शब्द येत होती. शेवंताची शेळी हरवली. शेवंता माळावर गेली. तिने ओढ्याकाठी पाहिले. बाभळीच्या झाडाखाली पाहिले. शेळी कुठेच नव्हती. शेवंता रडत रडत घरी आली. शेळी दाराशी उभी होती.

"अजून एक चकली?" सुमेधाने विचारलं, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणून घेतलं.

मग घरात जे सुरू झालं त्याला अभ्यास म्हणायचं तर म्हणा. ऋताचे लहानपणचे ठोकळे माळ्यावरून निघाले, त्यांना रंग लागले. क्लास सुटला की दार लावून ती स्वानंदला घेऊन बसायची. आकडे उलटे, चित्रं, ठोकळे. आणि शेळी. शेळी तर जेवताना, आंघोळ करताना, केस विंचरताना. विलासला वाटलं, धडाच घोटून घेतेय; प्रश्न आधीच काढून आणलेत हे तिने घरात कोणाला सांगितलंच नव्हतं. पोराचा कान तिखट, त्याला दोन दिवसांत गोष्ट आली. पण सुमेधा कच्च्या गुरूची चेली नव्हती. घडाघडा म्हटलं तर मॅडमना कळेल, हे तिला कळत होतं. म्हणून तिने कोऱ्या पुठ्ठ्यावर गोष्ट लिहिली, त्याचं बोट धरून ओळीखालून फिरवलं आणि त्याला अडखळायलाही शिकवलं. 'बाभळीच्या' शब्दापाशी थांबायचं. 'बा' म्हणायचं. मग वर बघायचं नाही, खालीच बघायचं. मग 'बाभ'. मग पूर्ण शब्द. चौथीतल्या हुशार मुलालाही तिथे अडखळायला होईल, असं तिचं गणित होतं.

"मला खरंच अडखळायला होतं गं," स्वानंद एकदा म्हणाला, "पण सगळीकडेच."

"सगळीकडे नाही. बाभळीपाशी," ती म्हणाली.

हॉस्पिटलात त्या मॅडमचं नाव गीतांजली. खोली एवढीशी, बाहेर बाकड्यावर आया आणि मुलं खेटून बसलेली. स्वानंद आत गेला, बऱ्याच वेळाने बाहेर आला आणि आईच्या कानात म्हणाला, "सगळं तेच होतं." त्याचा चेहरा असा फुलला होता, की सुमेधाने त्याला तिथेच पोटाशी धरलं. पोराने जन्मात पहिल्यांदा एक परीक्षा बरोबर दिली होती.

गीतांजली मॅडमनी तिला आत बोलावलं. कागद पुन्हा पुन्हा बघत होत्या. शाळेने लिहिलेलं आणि मला दिसलेलं जुळत नाही, म्हणाल्या. मग पेन खाली ठेवून सरळ विचारलं, "घरी काही सराव करून घेतलात का? घेतला असेल तर आत्ता सांगा. मी रागावणार नाही. मी दुसऱ्या पद्धतीने तपासते."

दार असं सताड उघडून दिलं होतं बाईने. अजून काय करायला हवं होतं?

"छे हो," सुमेधा म्हणाली. "सराव कसला? मुलगा मूळचाच हुशार आहे. शाळेतल्या बाईंचं आणि माझं जरा वाकडं आहे, म्हणून हे सगळं."

रिपोर्ट आला. बुद्धी सर्वसाधारण, वाचन इयत्तेप्रमाणे, वेगळ्या वर्गाची गरज नाही, अभ्यासाच्या सवयीकडे लक्ष द्यावे. सुमेधाने आळीत पेढे वाटले. लोकांना वाटलं ऋताचं काही झालं. मग ती शाळेत गेली आणि स्टाफरूममध्ये, त्याच बायांसमोर, रिपोर्ट अरुणाबाईंच्या डब्याशेजारी आपटला.

अरुणाबाईंनी तो दोनदा वाचला. घडी घालून परत दिला. "बरं झालं," म्हणाल्या. "आता मलाही कळलं. मी इतके दिवस त्याला जमत नाही असं समजत होते."

ते वाक्य काय होतं हे सुमेधाला तेव्हा कळलं नाही. एप्रिलमध्ये कळलं. जमत नाही म्हणून जे पोर दर वर्षी वर ढकललं जात होतं, ते जमतं असं ठरल्यावर कोण ढकलणार? कोऱ्या पेपरांना कोरे मार्क पडले. स्वानंद चौथीतच राहिला आणि जूनमध्ये खालून आलेल्या मुलांबरोबर पुन्हा अरुणाबाईंच्याच वर्गात बसला. शेजारच्या खोलीत वेगळा वर्ग सुरू झाला. दिपेश तिथे जाऊ लागला.

आता मार सुरू झाला. आधी कोणी हात लावत नव्हतं, बिचारा म्हणून सोडून द्यायचे. आता तो बिचारा राहिला नव्हता, लबाड ठरला होता. वर्गाबाहेर उभा, अंगठे धरून उभा, हातावर पट्टी. अरुणाबाई चिठ्ठीत एकच ओळ लिहायच्या, येत असून करत नाही. आणि ती ओळ विलासच्या डोक्यात बसली. खाडीवर जाणं बंद झालं. जो माणूस नसेल जमत म्हणाला होता, तोच आता शुद्धलेखनाची वही समोर टाकून विचारायचा, हॉस्पिटलातल्या डॉक्टरनी लिहून दिलंय तुला येतं, मग आम्हाला काय येडा समजतोस?

एका रविवारी सकाळी त्याने कमरेचा पट्टा काढला. स्वानंद कोपऱ्यात, हात डोक्यावर. रडत नव्हता. तो आकडे उलटे म्हणत होता. कसं तरी बापाला खूश करायचं, आणि त्याच्याजवळ तेवढंच होतं. विलासला ती थट्टा वाटली. पट्टा पुन्हा वर गेला.

"त्याला येत नाही!" सुमेधा मध्ये पडली. पट्टा तिच्या दंडावर बसला. "एक अक्षर येत नाही त्याला. मी पाठ करून घेतलं सगळं. त्या दिपेशकडून प्रश्न काढून आणले मी."

विलास तसाच उभा राहिला. ऋता आतल्या दारात येऊन थांबली. 

"मग इतके दिवस मार खाऊ का दिलास त्याला?" विलासने विचारलं.

  विलासने पट्टा खाली टाकला, कोपऱ्यातल्या पोराकडे बघितलं, आणि त्याच्या जवळ जायचं धैर्य न झाल्यासारखा चपला घालून निघून गेला. तेव्हापासून तो सुमेधाशी कामापुरतं बोलू लागला.

गीतांजली मॅडमकडे ती एकटी गेली. तिने सगळं सांगितलं, चकल्यांसकट. मॅडम शेवटपर्यंत ऐकत होत्या. मी रागावणार नाही, असं त्या मागे म्हणाल्या होत्या. या वेळी म्हणाल्या नाहीत.

"माझ्याकडे मुलाला मोजायचं एक माप होतं, बाई. ते तुम्ही त्याच्यापुरतं मोडून टाकलंत. आता लगेच तपासलं तर मला तो दिसणारच नाही. तुम्हीच दिसाल." वर्षभर थांबा, म्हणाल्या. तोवर विसरू द्या त्याला. वर्गातली जागा हवी असेल तर शाळेला सांगा, जे मला सांगितलंत ते. मी तसं लिहून देते, पण सांगायचं तुम्ही.

तोंडावर बोलायची सवय असलेल्या बाईला तोंडावर बोलायची पाळी आली. मधल्या सुट्टीत ती स्टाफरूममध्ये गेली. तेच टेबल, तेच डबे. अरुणाबाई म्हणाल्या, बाहेर जाऊन बोलायचंय का? एवढी सवलत त्यांनी दिली. सुमेधा नको म्हणाली आणि तिथेच, उभ्याने सांगितलं. तिला वाटलं होतं अरुणाबाई हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"मी त्याला पट्टीने मारलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या कागदावर विश्वास ठेवून. ह्या हाताने." मग दरवाजाकडे बोट दाखवलं. "वर्ग भरलाय. जागा नाही. नावं वर गेली. पुढच्या जूनला बघू. आता जा तुम्ही, मला तुमच्याकडे बघवत नाही."

सुमेधा निघाली तेव्हा सुट्टी संपली होती आणि वेगळ्या वर्गाच्या खोलीची खिडकी उघडी होती. आत खाली सतरंजीवर मुलं, प्रत्येकापुढे थाळी, थाळीत रवा पसरलेला. नव्या बाई मुलाचं बोट धरून रव्यात अक्षर काढत होत्या. चुकलं की थाळी हलवायची, अक्षर जायचं, कोणी काही म्हणायचं नाही. दिपेश जीभ बाहेर काढून 'घ' काढत होता. पोराला डबा देऊन परत निघालेली संध्या जिन्यापाशी उभी होती. चकलीची हकीकत दिपेशकडून तिच्यापर्यंत कधीच पोचली होती.

"माज्या पोराला माज्यासमोर इचारला असता तर त्यानं असाच दिला असता," संध्या म्हणाली. "चोरी कशाला केली?" आणि पाठ फिरवली.

सुमेधा घरी आली. संध्याकाळच्या क्लासची मुलं दाराशी जमली होती, त्यांना तिने आज क्लास नाही म्हणून परत पाठवलं. असं तिने पूर्वी कधी केलं नव्हतं. पोरं आनंदाने ओरडत पळाली. तिने स्वयंपाकघरातला रव्याचा डबा काढला, मोठी थाळी घेतली, रवा ओतून हाताने सारखा केला. थाळी हॉलमध्ये, ऋताच्या फोटोखाली जमिनीवर ठेवली आणि स्वानंदला हाक मारली.

तो आला. दार लावलेलं, समोर आई, मध्ये काहीतरी ठेवलेलं. त्याने एकदा थाळीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग मांडी घातली, पाठ ताठ केली आणि शर्टाला हात पुसले.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "आज पाठ काही म्हणायचं नाहीये."

पण त्याने ते ऐकलंच नसावं. त्याने रव्याच्या डाव्या कडेला बोट टेकवलं आणि सावकाश उजवीकडे न्यायला लागला. मान खाली, नजर बोटावर. रव्यात सरळ, कोरी रेघ उमटत गेली. "शेवंताची शेळी हरवली," तो म्हणाला. "शेवंता माळावर गेली." रेघ संपली, त्याने बोट उचलून खाली दुसरी सुरू केली. "तिने ओढ्याकाठी पाहिले."

सुमेधाने थांबवायला हात पुढे केला. हात तसाच राहिला.

"बा," स्वानंद म्हणाला, आणि थांबला. वर बघितलं नाही. खालीच बघत राहिला. "बाभ..."

तिने शिकवलं होतं, अगदी तिथेच तो अडखळला.